मुकादमाची प्रतिस्वाक्षरी

मंगळवार, ७ जानेवारी

आज दिनांक ७ जानेवारी, मंगळवार, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटावर आणि त्याच्या खालच्या फळीवर लघवी केलेली माझ्या निदर्शनास आली. करणारा मुकादम. वय वर्षं आठ, रंग विटकरी, एक कान उभा, एक पडलेला, जात सांगता येणार नाही.

आमच्या शाळेतल्या मोठ्या सिस्टर शिकवायच्या, तक्रार लिहायची तर तारीख, वेळ, जागा आणि वस्तू एवढंच लिहावं, विशेषणं गाळावीत. वस्तू: शब्दकोशाचा दुसरा खंड, सुवाच्य अक्षरासाठी मला अकरावीत मिळालेलं बक्षीस. निम्मा फुगला आहे. विशेषण एकच लिहिते, नालायक. सिस्टर आता हयात नाहीत.

मी ओरडले तेव्हा मुकादम स्वयंपाकघराच्या दारात झोपला होता. एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटून घेतला. गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर इतकी शांती मी कधी पाहिली नाही, आणि मी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात काढली आहेत.

हे बाहेर आले ते आंघोळ करून, कपडे बदलून. एरवी आठाच्या आत पाण्याला हात लावत नाहीत.

"त्याला मारू नकोस," म्हणाले.

"मारते कुठे? विचारते आहे."

"त्याला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? तुम्हाला?"

यांनी फडकं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागले. ज्या माणसाने उभ्या संसारात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, तो कुत्र्यासाठी फरशी पुसतो. याला लाड म्हणतात. रस्ते खात्यातून निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात. हे शेवटच्या रस्त्याच्या कामावरून खडीच्या ढिगात सापडलेलं पिल्लू घेऊन आले. कामगारांमागे दिवसभर फिरून सगळ्यांवर भुंकायचं, म्हणून नाव मुकादम. तेव्हाच मी पाय घट्ट रोवायला हवा होता.

गुरुवार, ९ जानेवारी

कालही तेच. आज जनावरांच्या डॉक्टरकडे. मुलगी माझ्या मुलीपेक्षा लहान, पण हात सराईत. मुकादमाचं पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली. संसर्ग नाही, खडा नाही. नसबंदीची शस्त्रक्रिया तिसऱ्या वर्षीच झालेली, तेही तिने वहीत पाहिलं.

"घरात दुसरा कुत्रा आलाय?"

"नाही."

"मांजर? पाहुणे? नवीन सामान?"

"काही नाही."

"दुसरा कुठला नर?"

"नवरा आहे. पण तो एकेचाळीस वर्षांपासून आहे. याला हरकत घ्यायचीच होती तर आल्या आल्या घ्यायची."

ती खळखळून हसली. हे हसले नाहीत. माझ्या असल्या बोलण्यावर सगळ्यांत आधी यांना हसू येतं. आज पट्टा बोटाभोवती गुंडाळत बसले होते.

"आजी," डॉक्टरीण म्हणाली, "हा मुतत नाही, हा सही करतो. आणि कुत्री कोऱ्या कागदावर सहसा सही करत नाहीत. आधी कुणाचा तरी वास असतो, त्यावर हे आपली ठोकतात."

"म्हणजे प्रतिस्वाक्षरी."

"तसंच समजा."

नियम दिले आहेत. मारायचं नाही, नाक घासायचं नाही. फिनेल वापरायचं नाही, त्याचा उग्र वास त्याला पुन्हा तिथेच बोलावतो. कोमट पाणी आणि व्हिनेगर, मग तिने दिलेलं औषधी पाणी शिंपडून तासभर मुरू द्यायचं. दिवसातून पाच वेळा बाहेर. घरात सतत नजरेसमोर.

परत येताना मी भाजीसाठी थांबले. हे मुकादमाला पुढे सोडून त्याच्या मागे निघाले. "घर त्याला बरोबर सापडतं," म्हणाले. कौतुक! दोन वळणांवर तर घर आहे.

शनिवार, ११ जानेवारी

केरफरशी करणारीला सकाळी नियम वाचून दाखवले. ती कंबरेवर हात ठेवून ऐकत होती.

"बाई, एक बोलू?"

"नको म्हटलं तर राहणार आहेस?"

"कुत्र्याचा वास मला ठाऊक आहे. चार घरी कुत्री आहेत माझ्या. हा वास तसा नाही."

"मग काय अत्तराचा आहे?"

"तसं नाही. माझ्या सासऱ्यांना शेवटी शेवटी…"

"तुझ्या सासऱ्यांचं मागाहून सांग. आधी कोपरा."

ती तोंडात काहीतरी पुटपुटत बसली. चांगली आहे, पण विषय सोडून बोलायची खोड आहे.

बुधवार, १५ जानेवारी

पुरावा. दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. हे झोपले होते. मुकादम कोपऱ्यात गेला, कपाटाची कड खालपासून वरपर्यंत हुंगली, अगदी सावकाश, परीक्षेचा पेपर वाचावा तशी. मग पाय वर केला.

मी टाळी वाजवली. तो दचकला आणि कान पाडून खाटेखाली गेला.

आता या घरात कुणी मला "त्याने नसेल केलं" म्हणू नये. खरं तर तसं कुणी म्हटलेलंच नाही. फक्त एक गोष्ट मला कळत नाही. सकाळी तांब्याभर असतं आणि आता जेमतेम चमचाभर. माझ्यासमोर संकोच वाटला असेल.

सोमवार, २० जानेवारी

काल वरच्या मजल्यावरचे नवराबायको आले होते. त्यातल्या नवऱ्याने हात धुवायला न्हाणीघर विचारलं. हे म्हणाले, "डावीकडे." तो बिचारा डावीकडे गेला आणि पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहिला. मी म्हटलं, "उजवीकडे हो! यांना तीन वर्षं झाली या घरात, अजून पाहुण्यांना क्वार्टर्सचा पत्ता सांगतात." सगळे हसलो. माझ्या खात्याच्या क्वार्टर्समध्ये, मी निवृत्त होईपर्यंत, सव्वीस वर्षं खोलीतून बाहेर पडलं की डावीकडे न्हाणीघर होतं. सवय जायला वेळ लागतो.

डॉक्टरणीला फोन केला. तिने नवीन उपाय सांगितला. ज्या जागी खातो त्या जागी कुत्रा घाण करत नाही. म्हणून मुकादमाचं ताट कोपऱ्यात, कपाटाला लागून ठेवलं आहे. जेवला. कोपऱ्याकडे पाठ करून जेवला, पण जेवला.

शुक्रवार, २४ जानेवारी

आज सकाळी ताटातच!

स्वतःच्या ताटात! मी ते यांच्यासमोर नेऊन धरलं. "हा तुमचा मुकादम. कुठलंही जनावर असं करत नाही म्हणे. याने केलं. हा जनावराच्याही खालचा निघाला."

यांचा चेहरा एकदम उतरला. माझ्या हातातून ताट घेतलं, घासलं, पुन्हा घासलं, पुन्हा घासलं. मी म्हटलं, "पुरे, चकाकी जाईल." मग मुकादमाशेजारी जमिनीवर बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिले. मुकादम दिवसभर त्या ताटात जेवला नाही. यांच्या हातून पोळीचा तुकडा घेतला तेवढाच.

दोघांची युती आहे. मी या घरात विरोधी पक्ष.

रविवार, २ फेब्रुवारी

पोटपट्टा आणला. कापडी पट्टा, आत शोषून घेणारी घडी, पोटाभोवती आवळून पाठीवर चिकटवायचा. खूण करायला गेला तर पट्ट्यातच होते, आणि ओलं लागलं की हळूहळू सवय सोडतो. दुकानदार म्हणाला, लहान, मध्यम की मोठा? मी म्हटलं, अपराधाच्या मानाने मोठा.

घातल्यावर मुकादम पुतळ्यासारखा उभा राहिला. केरफरशीवाली म्हणाली, "वऱ्हाडी दिसतोय." मलाही हसू आलं. यांना नाही. "काढ गं ते," म्हणाले. "लाज वाटते त्याला."

"वाटू दे. तेच पाहिजे."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी पट्टा कोरडा. फरशी ओली.

मी पट्टा उलटसुलट करून पाहिला, नाकाशी नेला. कोरडा ठणठणीत. एकतीस वर्षांत "नळ बंद आहे आणि मीटर फिरतो आहे" अशा तक्रारी मी शेकड्याने वाचल्या. दर वेळी कुणीतरी मध्ये हात घातलेला असायचा. घरात आम्ही दोघं. मी हात घातलेला नाही.

"तुम्ही पट्टा काढला होतात आणि सकाळी परत घातलात. खरं सांगा."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मीच केलं."

"वाटलंच मला."

"मीच केलं गं. त्याने नाही."

"त्याला हात नाहीत हो, तो कसा काढेल? तुम्हीच काढणार. पुन्हा केलंत तर तुम्हालाही एक पट्टा आणीन."

एवढं बोलून मी दूध तापवायला गेले. परत आले तर हे तिथेच उभे. डोळ्यांत पाणी होतं. एका कुत्र्यासाठी! माझे वडील गेले तेव्हा हा माणूस रडला नव्हता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

डाव्या हाताने वही धरता येत नाही. सकाळी पावणेसहाला खोलीतून बाहेर पडले, दिवा लावायच्या आत कोपऱ्याजवळ पाय सरकला. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

पडले तेव्हा सगळ्यांत आधी मुकादम आला. तोंड चाटायला लागला. मी उजव्या हाताने त्याला ढकललं. तो गेला नाही, थोडा दूर बसून ओरडत राहिला, हे उठेपर्यंत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मुलगी आली आहे, नऊ दिवसांची रजा टाकून. आल्या आल्या तिने बॅग ठेवायच्या आधी कोपऱ्याचा वास घेतला.

"आई, आता हे घर कुत्र्याचं की तुमचं?"

"तेच मी सहा आठवडे विचारते आहे."

"बाबा, त्याला प्राणी निवाऱ्यात पाठवू या. तुम्ही बोला ना काहीतरी."

हे म्हणाले, "तो म्हातारा झालाय."

"आठ वर्षांचा आहे, बाबा."

"तरी. म्हातारं माणूस… कधीतरी होतं. त्यासाठी घराबाहेर काढतात का?"

"आईचा खुबा मोडला असता म्हणजे?"

यांनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं आणि खाली मान घातली. मग अगदी हळू म्हणाले, "बरोबर आहे. मग पाठवा."

यांच्या तोंडून ते इतकं सहज निघेल असं वाटलं नव्हतं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लिहून ठेवते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

प्राणी निवारा गावाबाहेर आहे. स्वच्छ. पिंजरे मोठे. तिथला व्यवस्थापक सभ्य. अर्ज दोन पानांचा. "सोडण्याचे कारण" या रकान्यात मी लिहिलं: घरात लघवीच्या खुणा करतो. सर्व उपाय थकले. सुधारणेच्या पलीकडे. अटी सगळ्या वाचल्या. सहावी अशी की पंधरा दिवसांनंतर प्राण्यावर पूर्वीच्या मालकाचा हक्क राहणार नाही. सही केली. माझं अक्षर अजून चांगलं आहे.

हे सोबत आलेच. गळ्यातला पट्टा यांनीच सोडला. गाठ नसते, साधी कडी असते. तरी बराच वेळ लागला. मुकादम शांत उभा होता, यांच्या गुडघ्याला टेकून. दार बंद झाल्यावर हे एकदम म्हणाले, "तो नाही गं."

"कोण नाही?"

"ते… कपाटाचं." हात हवेत तसाच राहिला. "नाही. काही नाही. चल."

गाडीत रिकामा पट्टा मांडीवर घेऊन बसले होते. मुलगी गाडी चालवत होती.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सात दिवस फरशी कोरडी. एकही थेंब नाही. मुलगी दिवाणखान्यात झोपायची, तिला अंधाराची भीती म्हणून दिवा सुरूच असायचा, आणि तिच्या मोबाइलचा किणकिणाट. तरी मी दर पहाटे उठून कोपरा पाहिला. कोरडा. सिद्ध झालं.

आज ती परत गेली. हे दोन वेळा दारात जाऊन उभे राहिले, हातात पट्टा. "फिरवून आणतो," म्हणाले. मी म्हटलं, "कुणाला?" यांनी पट्टा खुंटीला अडकवला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी कोपरा ओला.

हे शक्य नाही. जुना वास असतो, जुना ओलावा नसतो. भिंतीतून पाझर असणार.

शनिवार, १ मार्च

नळदुरुस्तीवाला आला. भिंत ठोकली, कान लावला, फरशीच्या फटीत बोट घालून नाकाशी नेलं. मग हात धुऊन आला.

"बाई, हे पाणी आमच्या खात्यातलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नळाचं नाही. कुत्रा आहे ना घरात?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे कुत्रा नाही."

हे खुर्चीत बसून ऐकत होते. उठून आत गेले. मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. भाजी फोडणीला होती.

गुरुवार, ६ मार्च

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

तारीख आणि वेळ लिहिली. पुढचं विशेषणांशिवाय लिहिते.

हे झोपेतून उठून खोलीबाहेर आले. डावीकडे वळले. पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहिले, दार ढकलल्यासारखा हात पुढे केला आणि पायजम्याची नाडी सोडली. मी जेवणाच्या टेबलाशी कपड्यांच्या घड्या घालत होते. मला वाटलं हे पुस्तक काढताहेत.

मग आवाज आला.

"अहो!" मी ओरडले. सहा आठवडे ज्या आवाजात कुत्र्यावर ओरडले त्याच आवाजात. हे दचकले. वळले. कान पाडावेत तसं यांनी सगळं अंग पाडलं.

"दार कुणी हलवलं गं इथलं?"

मी यांचा हात धरला, न्हाणीघरात नेलं, उजवीकडे. कपडे बदलले. एका हाताने मला नाडी बांधता येईना, ती यांनी स्वतः बांधली, नीट, दुहेरी. मग कोमट पाणी आणि व्हिनेगर घेऊन मी गुडघ्यांवर बसले. हे खुर्चीत बसून पाहत होते. मध्येच म्हणाले, "मुकादमाला काही बोलू नकोस हं."

सहा वाजता. पुन्हा लिहायला बसले आहे.

तांब्याभर यांचं होतं. चमचाभर त्याचं. कार्यालयात नव्याने आलेल्या कारकुनालाही माहीत असतं, प्रतिस्वाक्षरी कोऱ्या कागदावर होत नाही. आधी कुणीतरी सही केलेली असते. मी खालची सही वाचलीच नाही. वरची पाहिली आणि त्याला बडतर्फ केलं.

आणि हे? यांना कळत होतं का? पट्ट्याच्या दिवशी "मीच केलं" म्हणाले. दोनदा म्हणाले. कधी कळत असेल, कधी नसेल. कळेल तेव्हा सांगायला माझ्यासारखी बायको समोर. तोंड उघडायची सोय मी ठेवली होती का?

निवारा पाचला बंद होतो. पंधरा दिवस चार तारखेला संपले. मी दोनदा मोजले.

मंगळवार, ११ मार्च

मेंदूच्या डॉक्टरांकडे. वयस्क गृहस्थ, हळू बोलतात. यांना घड्याळ काढायला सांगितलं. गोल सुरेख काढला, हात जराही थरथरला नाही. आकडे सगळे एका बाजूला दाटीने बसवले, बाराच्या जागेपासून पाचच्या जागेपर्यंत, आणि बाकीची बाजू रिकामी. मग डॉक्टरांनी विचारलं, नोकरी काय होती? तेव्हा त्याच कागदावर रस्त्याचा छेद काढून दाखवला, खडीचे थर, मुरूम, बाजूची गटारं, उतार किती ठेवायचा तेसुद्धा. "पाणी साचता कामा नये," म्हणाले. "रस्त्याचा शत्रू पाणी."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "किती दिवसांपासून आहे हे?"

मला तारखा तोंडपाठ असतात. या एका प्रश्नाला माझ्याकडे तारीख नव्हती.

"बाहेर वाट चुकतात का?"

"नाही. कधीच नाही. कुत्रा बरोबर असतो ना…"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असायचा," मी म्हटलं.

बरं होणारा आजार नाही. वेग कमीजास्त. न्हाणीघराच्या दाराला ठळक रंग द्या, वाटेत दिवा ठेवा, ओरडू नका. शेवटचं त्यांनी सगळ्यांनाच सांगतात तशा आवाजात सांगितलं. ओळखीचा सोबती असेल तर फार उपयोग होतो, असंही म्हणाले. मी विचारलं, ओळख किती दिवस राहते? त्यांनी हात उघडून दाखवले.

गुरुवार, १३ मार्च

निवाऱ्यात फोन. तिथली मुलगी गोड बोलते.

"आजी, तो पाच तारखेला गेला. खूप छान कुटुंब आहे. मोठं अंगण आहे."

"त्यांचा पत्ता द्या."

"देता येत नाही. अट क्रमांक सहा."

"बाळ, मी ती अट वाचून सही केली आहे. मला शिकवू नकोस. माझी तक्रार खोटी होती. त्याने केलेलं नव्हतं."

"अहो पण तुम्हीच लिहिलंय ना, सुधारणेच्या पलीकडे. ते आम्ही त्यांना वाचून दाखवलं, लपवता येत नाही. म्हणूनच त्यांनी अंगणात घर करून दिलंय. आत नाही घेत."

मी फोन ठेवला. आठ वर्षं तो यांच्या खाटेच्या पायथ्याशी झोपला. सुवाच्य अक्षर असल्यामुळे वाचायला त्यांना काही अडचण आली नसेल.

बुधवार, १९ मार्च

हे हरवले. दुपारी चार ते सव्वासहा. मी औषध आणायला गेले होते. पट्टा घेऊन बाहेर पडले, दोन वळणं, आणि परत कसं यायचं ते आठवेना. केरफरशीवालीला चौकाच्या पलीकडच्या बाकावर सापडले. तिने रिक्षा केली नाही, बोलत बोलत चालत आणलं.

"काय करत होतात तिथे?" मी विचारलं. ओरडले नाही.

"तो पुढे गेला. येईल म्हणून थांबलो."

ती भांडी आवरून निघाली तेव्हा मी दारात गेले. "तुझ्या सासऱ्यांचं सांगत होतीस," मी म्हटलं. ती चप्पल घालता घालता थांबली. मग आत येऊन बसली आणि सगळं सांगितलं. तासभर. मी मध्ये एकदाही बोलले नाही.

सोमवार, २४ मार्च

आज प्लास्टर काढलं. पत्र लिहिलं, दोन प्रती. एक टपालाने, एक स्वतः नेऊन देणार. मजकूर इथे उतरवून ठेवते.

"व्यवस्थापक, प्राणी निवारा, यांस.

दिनांक १७ फेब्रुवारी रोजी मी आपल्याकडे मुकादम नावाचा विटकरी रंगाचा, एक कान पडलेला कुत्रा सोडला. सोडण्याचं कारण म्हणून लिहिलेला मजकूर मी या पत्राने मागे घेत आहे. तो खोटा होता. जाणूनबुजून खोटा नव्हता, पण मी नीट पाहिलं नाही, आणि त्याची जबाबदारी माझी आहे. घरात होत होतं ते माझ्या पतींच्या आजारामुळे. कुत्रा त्या वासावर क्वचित खूण करत असे, आणि कुत्र्याच्या समजुतीने ते योग्यच होतं. त्याच्या नावावरचा शेरा आपल्या वहीतून काढावा. तो सध्या ज्या कुटुंबात आहे त्यांना हे पत्र दाखवावं आणि आजच्या आज त्याला घरात घ्यायला सांगावं. तो अंगणातला कुत्रा नाही.

अट क्रमांक सहा मला मान्य आहे. हक्काने मागत नाही. त्या कुटुंबाला विनंती आहे की त्यांनी त्याला परत द्यावं. घरी मुलं असतील, त्यांचा जीव जडला असेल, तर परत देऊ नये, पण आठवड्यातून एकदा, तासभर, आम्हाला त्याच्याकडे येऊ द्यावं. तेही जमणार नसेल तर तो जेवतो का आणि कुठे झोपतो, एवढं कळवावं.

उत्तर लेखी द्यावं. कृपा करून फोन करू नये. फोनवर तुम्ही जे सांगता ते मी माझ्या पतींना सांगते. ते ऐकतात, मान हलवतात, आणि पट्टा घेऊन पुन्हा दारात जाऊन बसतात. कागद असेल तर तो हातात देता येईल. विसरले की पुन्हा देता येईल. त्यांना अजून वाचता येतं.

ते किती दिवस येईल हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, म्हणून मुदत मी घालते आहे. शुक्रवार, ४ एप्रिल, सायंकाळी पाच वाजेपर्यंत आपलं उत्तर माझ्या पत्त्यावर पोचलं पाहिजे."